सावंतवाडी पायी ओळखताना: मोती तलावापासून सुरुवात करा

मुंबई–गोवा महामार्ग पूर्वी सावंतवाडी शहरातूनच जायचा. आता झाराप ते पत्रादेवी हा रस्ता शहराला बगल देतो, त्यामुळे गोव्याच्या ओढीने निघालेल्या गाड्यांना सावंतवाडी दिसतही नाही. जे आत शिरतात तेही बहुतेक वेळा तलावाकाठी फोटो काढतात, लाकडी फळांची परडी घेतात आणि तासाभरात गोव्याच्या वाटेवरच्या बांदा गावाच्या दिशेने निघतात. ज्यांना सावंतवाडी नीट ओळखायची आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे. निदान दोन रात्रींचा मुक्काम हवा, चालायची तयारी हवी, आणि फिरण्याचा क्रमही महत्त्वाचा आहे: आधी तलाव, मग राजवाडा, मग बाजार आणि आळ्या, आणि शेवटी शहराबाहेरची गावं. माझ्या मते या क्रमाने गेलं की प्रत्येक जागा पुढच्या जागेचा अर्थ सांगते. उलट गेलं तर सगळं सुटं सुटं राहतं.

निघण्याआधी एवढं ठाऊक असू द्या

सावंतवाडी ही सावंत-भोसल्यांच्या संस्थानाची राजधानी. त्यांची गादी आधी जवळच्या ओटवण्याला होती, तिथून ती चराठ्याच्या परिसरात आली आणि या वसतीचं नाव सुंदरवाडी पडलं. आजूबाजूच्या गावांतले लोक अजूनही नुसतं ‘वाडीत जातो’ म्हणतात. १९४८ साली संस्थान विलीन झालं. १९८१ साली रत्नागिरीतून सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला तेव्हा जिल्ह्याचं मुख्यालय ओरोसला गेलं. त्यामुळे सावंतवाडीत राजधानीच्या खुणा राहिल्या, पण जिल्ह्याच्या कचेऱ्यांची गर्दी मात्र आली नाही. एवढ्याशा शहरात १८५२ सालचं श्रीराम वाचन मंदिर का आहे, तलावाकाठी महाविद्यालय का आहे, चित्रकारांची स्वतंत्र आळी का आहे, या प्रश्नांची उत्तरं या इतिहासात सापडतात.

संस्थानाचे राजे पंचम खेमराज उर्फ बापूसाहेब महाराज यांचं नाव तुमच्या कानावर वारंवार पडेल. १९३७ साली ते गेले, तरी लोक अजून आदराने ‘पुण्यश्लोक बापूसाहेब महाराज’ म्हणतात. कोणी जुनं माणूस त्यांची आठवण काढू लागलं तर घाई करू नका, बसून ऐका.

कधी यावं

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत सोयीचा. हवा बरी असते आणि गावोगावच्या जत्रा सुरू असतात. एप्रिल-मे महिन्यांत घामाने जीव नकोसा होतो, पण आंबे, फणस, रातांबे आणि करवंदं त्याच दिवसांत मिळतात. पावसाळ्यात इथे तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तो ज्यांना आवडतो त्यांनी जुलै-ऑगस्ट निवडावा, पण हातात एक दिवस जास्त ठेवावा.

शक्य असेल तर मुक्कामात मंगळवार येऊ द्या. त्या दिवशी आठवडा बाजार भरतो, आणि त्याबद्दल मी पुढे लिहिणारच आहे. गणेशचतुर्थीच्या आठवड्यात मात्र केवळ पर्यटक म्हणून येऊ नका. गाड्या चाकरमान्यांनी भरलेल्या असतात, जो तो आपापल्या घरच्या गणपतीत गुंतलेला असतो आणि दुकानंही धड उघडी नसतात. कोणाच्या घरी आमंत्रण असेल तर गोष्ट वेगळी. मग याहून चांगला आठवडा नाही.

पोहोचणं आणि मुक्काम

कोकण रेल्वेचं ‘सावंतवाडी रोड’ स्टेशन शहरात नाही, ते मळगावला आहे. दादरहून येणारी तुतारी एक्स्प्रेस आणि दिव्याहून येणारी गाडी इथेच संपतात, त्यामुळे उतरायची घाई नसते. कोकणकन्या आणि मांडवी थांबून पुढे गोव्याला जातात. स्टेशनबाहेर रिक्षा मिळतात. बसण्याआधी भाडं ठरवा आणि शहरात नेमकं कुठे उतरायचं ते सांगा. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक बदलतं, तेव्हा जुन्या वेळेवर विसंबू नका. विमानाने यायचं असेल तर गोव्यातला मोपा विमानतळ आणि चिपीचा सिंधुदुर्ग विमानतळ हे दोन पर्याय आहेत. चिपीहून उड्डाणं मोजकी असतात. कोल्हापूर, बेळगाव, पणजीहून एसटी थेट शहरात आणून सोडते.

मुक्काम तलावापासून चालत जाता येईल अशाच ठिकाणी करा. महामार्गालगतची मोठी हॉटेलं गाडी लावायला सोयीची असतात, पण तिथे राहून तलावावरची पहाट आणि रात्र दोन्ही हुकतात. खोली साधी असली तरी चालेल. राजवाड्याच्या आवारातही राहण्याची सोय आहे, मात्र ती महाग आहे.

पहिली संध्याकाळ: तलावाची फेरी

सामान टाका आणि ऊन उतरलं की मोती तलावावर या. हा बांधीव तलाव १८७४ सालचा. चारही बाजूंनी रस्ता आहे आणि सावकाश चाललात तरी अर्ध्या-पाऊण तासात फेरी पुरी होते. पहिल्या फेरीत कुठेच आत शिरू नका. काठावर काय काय आहे ते नुसतं बघत चला: राजवाड्याचा दरवाजा, श्री पंचम खेमराज महाविद्यालय, जगन्नाथराव भोसले उद्यान, केशवसुत कट्टा. सबंध शहराचा नकाशा या एका फेरीत डोक्यात बसतो. पुढच्या दिवसांत कुठेही वाट चुकलात तर ‘तळ्याकडे कसं जायचं?’ एवढंच विचारा.

उद्यानाचं नाव वाचून पुढे निघून जाऊ नका. जगन्नाथराव भोसले हे याच तालुक्यातल्या तिरोड्याचे. नेताजींच्या आझाद हिंद सेनेत ते मोठ्या हुद्द्यावर होते आणि स्वातंत्र्यानंतर केंद्रात उपमंत्री झाले. बाहेरून येणाऱ्या फार कमी जणांना हे माहीत असतं.

संध्याकाळी काठावर सगळं शहर येतं. निवृत्त गुरुजी, क्लास सुटलेली मुलं, नातवाला घेऊन आलेल्या आजी. भेळ, भजी, आइस्क्रीम मिळतं, पण माझा आग्रह बसण्यासाठी आहे. कट्ट्यावर कोणाशेजारी बसलात की थोड्या वेळाने प्रश्न येणारच: “खंयसून इलात?” म्हणजे कुठून आलात, आणि पाठोपाठ, “कोणाकडे इलात?” चौकशी आपुलकीची असते. नीट उत्तर द्या, आपलं मूळ गाव सांगा. पाचव्या मिनिटाला दोघांच्या ओळखीचं कोणीतरी निघतं, आणि मग कुठे काय चांगलं मिळतं, कोणत्या गावात आज जत्रा आहे, याची खरी माहिती मिळू लागते. ही माहिती कोणत्याही नकाशावर मिळत नाही.

काठाच्या कठड्यावर चढू नका आणि पाण्यात उतरू नका. तलावात अधूनमधून मगर दिसल्याच्या बातम्या येतात, आणि पाणी वरून दिसतं तितकं उथळ नसतं.

दुसरी फेरी पहाटेची. फटफटत असताना चालायला येणारे लोक वेगळे, आवाज वेगळे. खंड्या, बगळे आणि पाणकावळे याच वेळेला निवांत दिसतात. त्याच फेरीत तलावाकडे बांधकाम म्हणूनही पाहा. पावसाळ्यात जादा पाणी सोडायला दरवाजे आहेत, आणि साचलेला गाळ काढण्यासाठी उन्हाळ्यात अधूनमधून पातळी उतरवावी लागते. एप्रिल-मेमध्ये आलात आणि तलाव उतरलेला दिसला तर हिरमुसू नका. अशी काळजी घेतली म्हणूनच दीडशे वर्षांचा हा तलाव अजून टिकून आहे.

नारळी पौर्णिमेला तलावाला नारळ अर्पण करायची संस्थानकाळापासूनची प्रथा आहे आणि गणपतीचं विसर्जनही याच पाण्यात होतं. समुद्र इथून दूर असला तरी या गावाने तलावालाच समुद्राचा मान दिला आहे.

राजवाडा आणि गंजिफा

दुसऱ्या दिवशी सकाळी नाश्ता करून राजवाड्यात जा. हा राजवाडा तिसऱ्या खेम सावंतांच्या काळातला, म्हणजे अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातला. चिऱ्याचा दगड, उतरती कौलं, मोकळं अंगण अशी बांधणी अस्सल कोकणी आहे. दुपारी बंद असण्याचा संभव असतो, म्हणून वेळ आणि तिकीट आदल्या दिवशी विचारून ठेवा. राजघराण्याचं हे आजही राहतं घर आहे. ज्या दालनांत सोडतात तेवढंच पाहा, फोटोची परवानगी विचारल्याशिवाय मोबाइल बाहेर काढू नका.

दरबार हॉलमध्ये पोहोचलात की घड्याळ विसरा. तिथे गंजिफा रंगवणारे कारागीर काम करताना दिसतात. गंजिफा म्हणजे गोल पत्ते. दशावतारी गंजिफेत दहा अवतारांचे दहा रंग, म्हणजे पत्त्यांतल्या बदाम-इस्पिकसारखे गट, प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक ते दहा अशी बारा पानं, म्हणजे एकूण १२० पानं असतात. मत्स्याच्या रंगात मासे, कूर्माच्या रंगात कासवं, परशुरामाच्या रंगात परशू. खेळायची रीत अशी की निम्म्या रंगांत मोठा आकडा वरचढ आणि निम्म्या रंगांत लहान. कारागिराला हात थांबवायला लावू नका. तो रेघ पुरी करून मान वर करेल तेव्हा विचारा. कुंचला किती केसांचा, रंग कोणते, एक पान किती वेळात होतं, असं विचारलं की ते मनापासून समजावून सांगतात.

विसाव्या शतकाच्या मध्यावर ही कला जवळजवळ संपली होती. राजघराण्यातले शिवरामराजे भोसले आणि राणीसाहेब सत्वशीलादेवी यांनी उरलेल्या जुन्या कारागिरांना शोधून काढलं, तरुणांना शिकवलं आणि राजवाड्यातच काम सुरू केलं. सत्वशीलादेवी स्वतः हे काम शिकल्या होत्या. २०१८ साली त्या गेल्या. आज गंजिफेला भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. एका घराण्याने मनावर घेतल्यामुळे कला कशी वाचते, याचं इतकं ठसठशीत उदाहरण कोकणात दुसरं मला माहीत नाही.

पूर्ण संच महाग असतो आणि तसा तो असायलाच हवा, कारण १२० चित्रं हाताने काढलेली असतात. तेवढा खर्च जमत नसेल तर सुटी पानं, रंगवलेली पेटी किंवा छोटा संच घ्या. इथे घासाघीस करू नये.

चितार आळी

राजवाड्यातून निघून थेट चितार आळीत या. चितारी म्हणजे चित्रं आणि लाखकाम करणारा समाज, त्यांचीच ही आळी. दुकानांपुढे रंगीत पाट, चौरंग, भोवरे, बैलगाड्या, ठकी, भातुकलीचे संच आणि लाकडी फळं मांडलेली असतात. आंबा, केळं, फणस, वांगं अशी ही फळं लांबून खरीच वाटतात.

जुन्या पद्धतीत खेळण्यांना पांगाऱ्याचं लाकूड वापरतात. ते हलकं, मऊ आणि कातायला सोपं. चरकावर, म्हणजे लाकूड कातायच्या यंत्रावर, लाकूड फिरत असताना लाखेची रंगीत कांडी त्यावर दाबून धरतात, घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून लाकडावर बसते आणि केवड्याच्या पानाने तिला चकाकी आणतात. पांगारा आता सहज मिळत नाही, म्हणून इतर लाकडंही वापरली जातात आणि बऱ्याच वस्तूंवर लाखेऐवजी तयार रंग असतात.

म्हणून खरेदीची माझी पद्धत सांगतो. पहिल्या फेरीत काही घेऊ नका, आळीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जा. ज्या दुकानाच्या मागच्या बाजूला चरक चालू आहे किंवा कोणी रंगवत बसलं आहे, तिथे परत या. दुकानदाराला सरळ विचारा: हे कातकाम इथलंच का, लाख आहे की तयार रंग, लाकूड कोणतं. चांगला माणूस लपवत नाही, बाहेरून आलेला माल कोणता तेही सांगतो. लहान मूल खेळणं तोंडात घालणार असेल तर ते आधी सांगा आणि त्याला चालेल तेच मागा. पाट घेताना उलटा करून पाया तपासा, जमिनीवर ठेवून डगमगतो का पाहा. लग्नामुंजीसाठी नाव घालून पाट हवे असतील तर पहिल्याच दिवशी ऑर्डर द्या, म्हणजे निघेपर्यंत रंग वाळून तयार होईल.

दुपारी एक ते चारच्या दरम्यान बरीच दुकानं बंद असतात. त्या वेळेत जेवा आणि पडा. शहरही तेच करत असतं.

मंगळवारचा बाजार आणि जेवण

आठवडा बाजाराची जागा बदलत आली आहे, तेव्हा आदल्या दिवशी रिक्षावाल्यांना विचारून घ्या. सकाळी लवकर जा, कारण खेड्यांतून डोक्यावरून माल आणणाऱ्या बायका उन्हं चढेपर्यंत विकून मोकळ्या होतात. त्यांच्याकडेच खरी चीज असते: गावठी तांदूळ, कुळीथ, तिरफळं, आमसुलं, सुके बांगडे, गावठी अंडी. फेब्रुवारी-मार्चमध्ये ओले काजूगर. पावसाच्या सुरुवातीला टाकळा, भारंगी, कुरडू अशा रानभाज्या येतात, आणि नशीब असेल तर अळंबी. भाजी कशी करायची हे विकणारीलाच विचारा. ती जी कृती सांगेल ती हाताशी लिहून ठेवा. टाकळ्यात खोबरं कधी घालायचं आणि अळंबी कशी निवडायची हे ती बरोबर सांगते.

जेवणासाठी खानावळ शोधा. फलकावर आज आलेल्या मासळीची नावं खडूने लिहिलेली असतील तर आत जा. बांगड्याचं तिखलं मिळालं तर नक्की घ्या. त्यात तिरफळाचा वास असतो, तो पहिल्या घासाला वेगळा लागतो आणि तिसऱ्या घासाला हवाहवासा होतो. शाकाहाऱ्यांनी काजूगरांची उसळ किंवा कुळथाची पिठी-भात मागावा. सकाळी घावणे-चटणी किंवा उसळ-पाव. सोलकढी शेवटी भातावर घ्या, हॉटेलातल्यासारखी सुरुवातीला पिऊन टाकू नका.

उरलेल्या वेळात

शहराला लागून नरेंद्र डोंगर आहे. सकाळी लवकर वर जा, झाडीतून तलाव आणि कौलं एकत्र दिसतात. जंगलातली जनावरं इथे येतात, म्हणून तिन्हीसांजेनंतर थांबू नका. आत्मेश्वराचं देऊळ आणि तळी पाहायला तासभर पुरतो. श्रीराम वाचन मंदिरात जाऊन वर्तमानपत्र वाचत बसा. इतक्या जुन्या वाचनालयात बाहेरच्या माणसाने दोन शब्द बोलून, चार जुनी पुस्तकं हाताळून यावं असं मला मनापासून वाटतं.

एक रात्र जत्रेसाठी

हिवाळ्यात आलात तर एक रात्र राखून ठेवा. कार्तिकापासून तालुक्यातल्या गावांत जत्रा सुरू होतात. सोनुर्लीच्या माऊलीची लोटांगणाची जत्रा त्रिपुरी पौर्णिमेच्या सुमारास असते आणि तिला प्रचंड गर्दी होते. पहिल्यांदा येणाऱ्याने एखाद्या लहान गावाची जत्रा निवडावी. आज कुठे आहे ते तलावाच्या कट्ट्यावर कळेल.

संध्याकाळी ओटी भरणं, मग पालखीची प्रदक्षिणा, आणि मध्यरात्रीच्या आसपास देवळासमोर दशावतारी नाटक. आधी गणपती, रिद्धी-सिद्धी, संकासुर असा पूर्वरंग होतो, नंतर पुराणातलं आख्यान. लिहिलेली संहिता नसते, नट संवाद जागेवर रचतात. स्त्रीपात्रं पुरुषच करतात. साथीला पेटी, मृदंग, झांज. खेळ पहाटेपर्यंत चालतो आणि दहीकाल्याने संपतो. बसायला सतरंजी आणि अंगावर शाल घ्या, कारण पहाटे थंडी आणि दव दोन्ही असतं. खाजं आणि चहा जत्रेत मिळतो. परतीची रिक्षा आधीच ठरवून ठेवा, पहाटे चार वाजता गावात वाहन मिळणार नाही. नाटक चालू असताना फ्लॅश मारू नका. पुढे बसलेली म्हातारी मंडळी ते नाटक देवाची सेवा म्हणून बघत असतात.

शहराबाहेर

हे सगळं झाल्यावरच बाहेर पडा. आंबोली सुमारे ३० किलोमीटरवर आहे. पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी घाटात गाड्यांच्या रांगा लागतात, तेव्हा मधला वार निवडा आणि सकाळची एसटी पकडा. हिरण्यकेशीच्या उगमाजवळच्या देवळाच्या कुंडात सापडलेल्या एका छोट्या माशाला २०२० साली नवी जात म्हणून नाव मिळालं, शिस्टुरा हिरण्यकेशी. ती जागा आता जैवविविधता वारसास्थळ आहे, पाण्यात पाय घालू नका, काही टाकू नका. रात्री बेडूक पाहायचे असतील तर स्थानिक वाटाड्या घेऊनच जा, कारण रस्त्यावर बसलेले बेडूक पायाखाली आणि चाकाखाली येतात.

समुद्र हवा असेल तर वेंगुर्ला किंवा शिरोडा. १९३० सालच्या मिठाच्या सत्याग्रहातलं शिरोडं हेच. दोन्हीकडे सावंतवाडी स्थानकातून एसटी जाते. परतीची शेवटची गाडी किती वाजता ते उतरतानाच कंडक्टरला विचारून ठेवा. ओटवण्यालाही रिक्षा करून जाता येतं. संस्थानाची जुनी गादी तिथे होती, आणि रवळनाथाच्या देवळात दसरा थाटात होतो. दसऱ्याच्या दिवसांत येणार असाल तर सकाळी लवकर निघा आणि गाडी गावाबाहेर ठेवून देवळापर्यंत चालत जा.